पहिल्या पानावरची सही

जुन्या पुस्तकांच्या दुकानात एखादं पुस्तक उघडावं आणि पहिल्याच पानावर कुणाच्या तरी अक्षरात ‘सप्रेम भेट’ लिहिलेलं दिसावं, हे तुमच्याही बाबतीत घडलं असेल. आपण क्षणभर थांबतो आणि पान उलटतो. पण काही लोक नेमकं त्याच पानासाठी पुस्तकं जमवतात. अमेरिकेत आफ्रिकन-अमेरिकन लेखकांच्या सही असलेल्या पुस्तकांना तर या छंदात मोठा मान आहे. का, ते फिलिस व्हीटलीच्या गोष्टीतून कळतं.

१७६१ मध्ये सात-आठ वर्षांच्या या मुलीला आफ्रिकेतून बोस्टनला आणून विकलं गेलं. जहाजाचं नाव ‘फिलिस’, म्हणून तीही फिलिस. आडनाव मालकाचं. त्या घरात ती इंग्रजी शिकली, लॅटिन शिकली, कविता करू लागली. १७७३ मध्ये तिचा कवितासंग्रह लंडनला छापला गेला. पण गुलाम मुलगी कविता लिहिते यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून या कविता हिच्याच आहेत, असं बोस्टनच्या १८ प्रतिष्ठित पुरुषांचं निवेदन पुस्तकात छापावं लागलं.

त्याच वर्षी ती गुलामीतून मुक्त झाली. आता सगळी भिस्त पुस्तकाच्या विक्रीवर होती. कुणी परस्पर पुस्तक छापलं तर तिचंच नुकसान. तिने एका परिचिताला पत्रातून कळवलं, की अस्सल प्रतीवर माझ्या हातची सही असेल. अशा काही प्रती आजही ग्रंथालयांत जपलेल्या आहेत. त्या १८ जणांच्या नावांपेक्षा मला ही एक सही जास्त वजनदार वाटते.

सही आणि अर्पण

संग्राहक नुसती सही आणि कुणाचं नाव घालून लिहिलेला मजकूर यांत फरक करतात. आपल्याला वाटेल, दुसऱ्याचं नाव असलेलं पुस्तक कशाला घ्यायचं? पण ते नाव लेखकाच्या मित्राचं किंवा दुसऱ्या नामवंत लेखकाचं असेल, तर किंमत चांगलीच चढते. दोन माणसांचं नातं त्या ओळीत असतं ना!

लँगस्टन ह्यूज सढळ हाताने सह्या देत, बऱ्याचदा हिरव्या शाईने. त्यामुळे त्यांची सही तुलनेने सापडते. झोरा नील हर्स्टन १९६० मध्ये गरिबीत वारल्या. त्यांचे कागद जाळले जात असताना एका ओळखीच्या पोलीस अधिकाऱ्याने आग विझवून ते वाचवले. त्यांच्या हस्ताक्षरातलं पुस्तक मिळणं म्हणूनच भाग्याचं.

आर्तुरो शॉमबर्ग यांना शाळेत सांगितलं गेलं होतं, की कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही. ते आयुष्यभर पुस्तकं आणि हस्तलिखितं जमवत राहिले. १९२६ मध्ये त्यांचा संग्रह १०,००० डॉलरला न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे गेला. हार्लेममध्ये तो आजही पाहता येतो.

घेण्यापूर्वी

टोनी मॉरिसन, माया अँजेलो यांनी अलीकडच्या काळापर्यंत सह्या दिल्या, त्यामुळे सुरुवात त्यांच्यापासून करणं सोपं. मात्र सही थेट पानावर आहे, चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहे की छापील आहे, ते नीट पाहा. पुस्तक कुणाकुणाच्या हातून आलं हेही विक्रेत्याला विचारा. आणि घरी आणल्यावर त्या पानाला प्लॅस्टिकचं आवरण किंवा चिकटपट्टी मुळीच लावू नका.