पडद्यापलीकडचा वक्ता

वादाचा निर्णय करणारी व्यक्ती आपल्या कथांतून क्वचितच पुढे येते. लक्षात राहतात ते वाद करणारे. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांच्या वादाची आख्यायिका मात्र निराळी आहे. तेथे परीक्षकाचे आसन मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती हिला मिळाले. तिने दोघांच्याही गळ्यात फुलमाळा घातल्या आणि ज्याची माळ आधी कोमेजेल तो हरला असे समजावे, असे सांगून ती आपल्या घरकामास लागली म्हणतात. टाकानिनीच्या घरात संगणकासमोर बसून विद्यार्थ्यांचे वाद ऐकणाऱ्या आम्हा परीक्षकांना तसली माळ लाभत नाही. दिसतो तो चार बोटांचा एक चौकोन, आणि पुष्कळदा त्यातील चेहराही मध्येच गोठलेला!

करोनाच्या साथीने ही रीत आमच्या गळी उतरविली. २०२० साली मेक्सिकोत भरावयाची शालेय मुलांची जागतिक वादविवाद स्पर्धा संगणकावरूनच पार पडली. पुढल्या वर्षी मकावच्या यजमानपदाखालील स्पर्धेचेही तेच झाले. विद्यापीठीय जागतिक स्पर्धेचे २०२१ चे कोरियातील आणि २०२२ चे बेलग्रेडचे संमेलनही तसेच भरले. न्यूझीलंडमध्ये मार्च २०२० मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वत्र टाळेबंदी झाली आणि आमच्या ऑकलंडकरांच्या वाट्यास दुसऱ्या खेपेस ती फार लांबली. त्या दिवसांत शालेय सामने घराघरांतून होऊ लागले आणि माझ्यासारख्या निवृत्त माणसासही परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागली.

शालेय जागतिक पद्धतीचा सामना असा चालतो. दोन पक्ष, प्रत्येकी तीन वक्ते, प्रत्येकास आठ मिनिटे. शेवटी उभय पक्षांची चार-चार मिनिटांची उत्तरभाषणे. शंभरांपैकी आशयास चाळीस, शैलीस चाळीस आणि डावपेचांस वीस गुण. व्यवहारात एकूण गुण साठ ते ऐंशी यांच्या दरम्यानच द्यावयाचे असतात. परीक्षकांनी आपसांत चर्चा न करता आपापली गुणपत्रिका भरावयाची. विद्यापीठीय स्पर्धेत याच्या उलट, परीक्षक एकत्र बसून चौघा संघांचा क्रम ठरवितात. गुणांची बेरीज करणारी आणि सामने जुळविणारी ‘टॅबीकॅट’ नावाची संगणकप्रणाली आज जगभर वापरली जाते. तिचा उगम आमच्याच ऑकलंडमध्ये २०१० साली भरलेल्या ऑस्ट्रेलेशियन आंतरविद्यापीठीय स्पर्धेच्या निमित्ताने झाला, हे जाता जाता सांगावयास मला अभिमान वाटतो.

आता माझी चूक सांगतो. २०२१ च्या टाळेबंदीत एका सामन्यात एक मुलगी तिसरी वक्ती होती. घरात माणसे पुष्कळ असावीत. मागे कुकरच्या शिट्ट्या आणि लहान मुलाचे रडणे ऐकू येत होते. तिचा आवाज दोनदा तुटला. मी शैलीस सव्वीस गुण दिले आणि टिपणात लिहिले, “दुसरा मुद्दा सिद्ध केला नाही.” तिचा पक्ष दोन विरुद्ध एक मतांनी हरला. त्या दोनांतील एक मत माझे होते.

रात्री टिपणे पुन्हा पाहताना ध्यानात आले की दुसऱ्या मुद्द्याच्या जागी माझ्या कागदावर काहीच लिहिलेले नव्हते. म्हणजे मुद्दा सिद्ध झाला नव्हता असे नव्हे. तो मला ऐकूच आला नव्हता. वक्तीची उणीव आणि तारेची उणीव यांत मी भेद केला नव्हता. निकाल अंतिम असल्याने तो बदलता आला नाही. आयोजकांस मी पत्र लिहिले. मुलीच्या शिक्षकांकडे ते पोहोचविले गेले, एवढेच.

वाचकहो, हे आपणास सांगण्याचे विशेष कारण आहे. आपले पूर्वज कुणाचे कोकणातून मुंबईमार्गे मॉरिशसला, तर कुणाचे कलकत्त्याहून वा मद्रासहून फिजीस गेले. तेथे कारकुनांनी त्यांची नावे कानांवर पडली तशी उतरविली. सांगणाऱ्याचा उच्चार निराळा, ऐकणाऱ्याची भाषा निराळी. ती विचित्र वर्णाक्षरे आजही कित्येक घराण्यांची आडनावे होऊन बसली आहेत. माझे स्वतःचे आडनाव त्यांपैकीच एक! ज्याच्या घराण्यास असे चुकीचे ऐकले गेले, त्यानेच त्या मुलीस चुकीचे ऐकावे, ही गोष्ट मला फार लागली.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. आवाज तुटला की टिपणात उभी रेघ ओढतो आणि वेळ तत्क्षणी थांबविण्यास सभापतींस सांगतो. वक्त्याने शेवटच्या ऐकू आलेल्या वाक्यापासून पुन्हा आरंभ करावयाचा. चित्र बंद ठेवून बोलणाऱ्याचे शैलीचे गुण त्या कारणास्तव कापीत नाही, कारण आपल्या घराची भिंत दाखविण्याची सक्ती कुणावर का असावी? उच्चारांविषयी तर आरंभीच स्वतःस बजावतो: दक्षिण ऑकलंडचा, सुवाचा किंवा पोर्ट लुईचा हेल हा दोष नव्हे. तयारीच्या वेळी बाहेरून कुणी मुद्दे पुरविते की काय, ही शंका मात्र दूरस्थ सामन्यांत पूर्णपणे फिटत नाही. तेथे मुलांच्या प्रामाणिकपणावरच विसंबावे लागते. माझा अनुभव असा की ती सहसा विश्वास राखतात. वडीलधाऱ्यांविषयी मी इतक्या खात्रीने बोलणार नाही.

आता सामने पुन्हा सभागृहांत भरू लागले आहेत, तरी सरावाचे सामने पडद्यावर चालूच आहेत. परवाच एका सरावात पुण्याचा संघ होता. येथे संध्याकाळचे साडेसहा, तेथे दुपारचे बारा. पहिल्या वक्त्याने घसा खाकरून विचारले, “सर, माझा आवाज येतो आहे ना?” मी म्हणालो, “येतो आहे, बोला.” आणि कागदावर पहिली ओळ लिहिली.