दाण्याच्या पोटातलं पाणी
लातूरच्या बाजारात सोयाबीनचं पोतं सोडलं की ‘हवा किती?’ हे विचारल्याशिवाय भावाची बोली पुढे सरकत नाही. हवा म्हणजे ओलावा. मूठभर दाणे मॉइश्चर मीटरच्या कपात पडतात, पडद्यावर आकडा उमटतो. हमीभावाच्या खरेदीत त्याची मर्यादा १२ टक्के. २०२४च्या हंगामात केंद्राने ती १५ पर्यंत सैल केली. वर्षाची कमाई अशी दोन-तीन टक्क्यांवर टांगलेली असते.

हा मीटर दाण्यांमधून वीज खेळवून पाहतो. विद्युत क्षेत्राला पाणी जसा प्रतिसाद देतं, तसा कोरडा दाणा देत नाही. त्या फरकावरून ओलाव्याचा अंदाज बांधला जातो. पण तो अंदाज सगळ्या मुठीचा मिळून एक. दाण्यात पाणी कुठे दडलंय, हे मीटरला कळत नाही. दिवसभर उन्हात वाळवून लगेच आणलेल्या मालाची साल कोरडी आणि गाभा ओला असतो, म्हणून आकडा कमी येतो. तोच माल रात्रभर पोत्यात राहिला की आतलं पाणी सालीकडे सरकतं आणि सकाळी आकडा चढतो. मग फसवणुकीचा आरोप होतो. खरं तर दोन्ही वेळी माल तोच असतो आणि विकणाराही प्रामाणिक असतो.

दाणा न फोडता त्याच्या पोटात बघायची सोय एमआरआयने केली. पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं चुंबकीय क्षेत्रात ठरावीक रेडिओ लहरींना साद देतात. एक टेस्लाच्या क्षेत्रात ४२.५८ मेगाहर्ट्झला. क्षेत्र जागोजागी किंचित बदलत नेलं की साद कुठून आली तेही कळतं. पॉल लॉटरबर यांनी १९७३मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेली पहिली प्रतिमा माणसाची नव्हती, बारीक नळ्यांतल्या पाण्याची होती. पुढे १९८५मध्ये ते इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथल्याच कृषी अभियंत्यांनी १९९०च्या सुमारास मक्याचं अख्खं कणीस वाळताना त्यातल्या ओलाव्याचा नकाशा काढला. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळालं ते २००३मध्ये, वैद्यकाचं. धान्याच्या या कामाची आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही, याची खंत वाटते.

या प्रतिमांमध्ये दाणा सगळीकडून सारखा वाळताना दिसत नाही. कडा आधी काळवंडतात, गाभा उजळ राहतो, अंकुराचा भाग त्याहून उजळ. मात्र तिथे सावध राहावं लागतं: मक्याच्या अंकुरात तेल असतं, तेलातही हायड्रोजन असतो, आणि दोन्हींची साद वेगळी काढली नाही तर तेलालाच पाणी समजलं जातं.

भाताच्या बाबतीत हा नकाशा थेट पैशाशी जोडलेला आहे. गरम हवेने घाईत वाळवलेल्या दाण्याची साल आक्रसते, आत ओल तशीच. मोठा घात पुष्कळदा ड्रायर बंद झाल्यावर होतो. गाभ्यातलं पाणी सालीकडे येतं, साल फुगू लागते, आतला भाग आखडतो, आणि त्या ताणाने तांदळाला आडवी चीर जाते. बाहेरून भात धड दिसतो. गिरणीत घातला की कणी पडते. म्हणून चांगला गिरणीवाला भात एका दमात वाळवत नाही, ड्रायरच्या दोन फेऱ्यांमध्ये काही तास झाकून मुरू देतो. कोकणातला उकडा तांदूळ कमी तुटतो, कारण उकडताना पिठूळ भाग फुगून एकजीव होतो आणि जुन्या चिरा सांधल्या जातात.

एमआरआय यंत्राची खरी अडचण शेवटच्या टप्प्यात येते. दाणा साठवणीजोगा कोरडा झाला की उरलेलं पाणी पिष्टाला घट्ट धरून बसतं आणि त्याची साद मिलिसेकंदाच्याही आत विझते. दवाखान्यातल्या नेहमीच्या पद्धतीला तिथे अंधारच दिसतो. त्यासाठी एकेक बिंदू झटपट टिपणाऱ्या वेगळ्या पद्धती लागतात. असं यंत्र बाजार समितीत यावं अशी अपेक्षा नाही. पण याच तत्त्वावर चालणारी, टेबलावर मावणारी उपकरणं तेलबियांमधलं तेल आणि पाणी मोजायला प्रयोगशाळांत वापरात आहेत. ती प्रतिमा काढत नाहीत, पण पाणी आणि तेल वेगळं सांगतात. आकड्यावरून वाद झाला तर नमुना तपासायला मोठ्या बाजारांजवळ तरी असं एखादं उपकरण असायला हवं. आणि उन्हातून थेट आलेल्या मालाचा आकडा, तो काही तास मुरल्याशिवाय, कुणीही अंतिम धरू नये.