नगरपालिकांचीं जुनीं सभावृत्तें

सनदा, महजर व बखरी यांसाठीं दप्तरें धुंडाळणाऱ्या संशोधकांची दृष्टि लहान गांवच्या नगरपालिकेच्या ठरावबुकांकडे क्वचितच वळते. १८५० च्या २६ व्या कायद्यानें रहिवाशांच्या अर्जावरून अशी संस्था स्थापण्याची सोय झाली. मुंबई इलाख्यांत १८८४ च्या कायद्यानें लोकनियुक्त सभासदांस अधिक वाव मिळाला. गटार, दिवाबत्ती, आड, जकातनाका हेच तेथील नित्याचे विषय. परंतु गटार कोणाच्या वाड्यापासून कोणत्या वेशीपर्यंत न्यावयाचें हें लिहितांना, पुढें नामशेष झालेल्या वास्तूंचा ठावठिकाणा कारकून सहज नोंदवून जातो.

हीं सभावृत्तें वाचतांना दोन गोष्टींचें अवधान ठेवावें. ठराव झाला म्हणजे काम झालें असें नव्हे. त्यासाठीं खर्चाची किर्द ताडून पाहावी. तसेंच, मागील सभेचें वृत्त पुढील सभेंत वाचून कायम होत असल्यानें दुरुस्ती तेथेंच सांपडते. म्हणून सुटें पान निरुपयोगी होय. संग्राहकांनीं अक्षराच्या मोहानें पानें न फाडतां वही सबंध राखावी. रद्दींत गेलेली वही पुन्हां लिहितां येत नाहीं, असें आम्हांस वाटतें.