घासू नका, ती भिंत आहे!

थंडीत नडगीवर नखाने रेघ ओढा, पांढरी उमटते. शाळेत असताना बाकावर बसून आपण या पाटीवर नावंसुद्धा लिहायचो. ती पांढरी रेघ म्हणजे सुकून उचकटलेले पापुद्रे. आपली भिंत पोपडे धरू लागल्याची ती पहिली खूण.

भिंत कसली? मेलेल्या पेशींची! पार्लरच्या खुर्चीत बसलं, की 'डेड स्किन खूप साचलीय' असं ऐकवलं जातं. अहो, ती साचावी म्हणूनच तर शरीर रात्रंदिवस राबत असतं. दंडावर या पेशींचे एकावर एक 15 ते 20 थर असतात आणि सगळ्यांची मिळून जाडी जेमतेम मिलिमीटरचा पन्नासावा भाग. वहीचा कागद याच्या चौपट तरी जाड निघेल. एवढ्याशा पापुद्र्याने आपलं पाणी अंगात धरून ठेवलेलं असतं. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या रुग्णाला सलाईनवर सलाईन चढवण्याचं एक कारण हेच. भिंत गेली, की पाणी वाट फुटेल तिकडे जातं.

पेशी म्हणजे विटा, तर मधला गिलावा स्निग्ध पदार्थांचा: सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. वजनाने निम्म्याच्या आसपास सिरॅमाइडच. विटा-गिलाव्याची ही उपमा अमेरिकेतले त्वचातज्ज्ञ पीटर इलायस यांनी रूढ केली. रक्ताच्या रिपोर्टमध्ये ज्या कोलेस्टेरॉलला आपण भितो, ते इथे इमानाने भिंत लिंपत बसलेलं असतं.

आणि ही भिंत चवीला आंबट! 1928 साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी त्वचेच्या आम्लतेला 'आम्लाचं पांघरूण' असं नाव दिलं. निरोगी त्वचेचा पीएच साधारण 5 च्या आसपास असतो, साध्या साबणाचा 9 ते 10. हा फरक नुसता आकड्यांचा नाही. गिलावा तयार करणारी एन्झाइम्स आंबट वातावरणात कामाला लागतात, तर विटांना एकमेकींशी जोडून ठेवणारे खिळे कापणारी एन्झाइम्स आम्लता उतरली, की चेकाळतात. म्हणजे खसाखसा साबण लावला, की बांधकाम मंदावतं आणि पाडकाम जोरात! त्यातून बोअरचं जड पाणी असेल, तर साबण नीट निघतही नाही. घासलेल्या ताटावर बोट फिरवलं, की कर्र वाजतं. चेहरा तसा वाजायला नको. कोमट पाणी आणि सौम्य, बिनसुगंधी क्लेन्झर एवढं पुरे. आंबट हवं म्हणून लिंबू चोळायला मात्र जाऊ नका. त्याचा पीएच 2 च्या घरात, म्हणजे त्वचेहून शेकडो पट तीव्र.

आता माझ्या सगळ्यांत आवडीची गोष्ट. 1929 साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश अजिबात नसलेला आहार दिला. त्यांच्या कातडीवर खवले आले, शेपट्या उलल्या आणि उंदीर ढसाढसा पाणी पिऊ लागले, कारण ते कातडीतूनच झिरपून चाललं होतं. कमी होती ती लिनोलिक ॲसिडची. आपल्या मराठवाड्यातल्या करडईच्या तेलात तेच भरभरून असतं. आजीच्या स्वयंपाकघरातली करडई भिंतीच्या गिलाव्यालाही पुरवठा करत होती!

सूर्यफुलाच्या तेलातही ते मुबलक. ढाक्यातल्या एका शिशू रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना या तेलाने हलकं मालिश केलं, तेव्हा रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग 41 टक्क्यांनी कमी झाले. 2005 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मात्र सगळी तेलं सारखी नसतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांना ऑलिव्ह ऑइलने भिंत कमकुवत होताना दिसली. खोबरेल तेल कोरड्या त्वचेच्या एका चाचणीत मिनरल ऑइलच्या बरोबरीने उतरलं. कोकणाने कॉलर ताठ करायला हरकत नाही.

बाळांचा विषय निघालाच आहे, तर जन्मताना अंगावर असलेला पांढरा, सायीसारखा लेप पुसायची घाई नको. ते निसर्गाने दिलेलं मॉइश्चरायझर आहे. पहिली आंघोळ किमान 24 तासांनी घालावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आणि लव जावी म्हणून कोवळ्या अंगावर पिठाचा गोळा रगडणं तर कृपा करून थांबवा. दिवाळीतलं अभ्यंग मोठ्यांसाठी छान: आधी तेल, मग साबणाऐवजी उटणं. फक्त हात हलका हवा.

परीक्षेचा ताणही भिंतीपर्यंत पोहोचतो, हे वाचून मी चकित झाले. कॅलिफोर्नियात 27 विद्यार्थ्यांच्या त्वचेला चिकटपट्टी लावून थर उचकटले आणि भरपाईचा वेग मोजला. सुट्टीत तो झपाझप, ऐन परीक्षेत मंद!

भिंत बिघडली, की नेहमीचं क्रीमसुद्धा चुरचुरतं. अशा वेळी स्क्रब, ॲसिडची सीरम, रेटिनॉल सगळं काही आठवडे कपाटात ठेवा. दुकानदाराने सुचवलेलं स्टेरॉइडचं मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, त्याने त्वचा पातळ होते. लाली, खाज हटत नसेल, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

एरवी आंघोळ झाली, की अंग टिपायचं आणि ते दमट असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. किती? डॉक्टरांचं माप आपल्या 'पेरा'शी तंतोतंत जुळतं: तर्जनीच्या टोकाच्या पेरभर ट्यूबमधलं मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन पंज्यांएवढ्या जागेला पुरतं. 1991 पासून औषधी मलमांसाठी हे माप वापरात आहे, मॉइश्चरायझर त्याहून सढळ चालतं. चेहरा आणि मान अडीच पेरं, एक हात तीन, एक पाय सहा. दोन पायांची झाली बारा. ती लावून झाली, की नडगीवर पुन्हा नखाने रेघ ओढून बघा.