घराला कॅमेरा लावण्यापूर्वी

रत्नागिरी-रायगडच्या किनारपट्टीवर आपली अनेक घरे वर्षातले कितीतरी महिने कुलूपबंद असतात. मुले कुवेत-दुबईला, नाहीतर मुंब्रा-मीरा रोडला. गावी राहतात ते वयस्कर आई-वडील. म्हणून ईदला आलेला मुलगा परतण्यापूर्वी घराला सीसीटीव्ही बसवून जातो. दुकानदार विचारतो, "चार कॅमेऱ्यांचा सेट देऊ की आठचा?" आम्हांला वाटते, हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवावे, कॅमेऱ्याने नेमके काय दाखवायला हवे?

चेहरा ओळखू आला पाहिजे

अंगणात कोणीतरी आले हे कळणे वेगळे आणि कोण आले हे ओळखू येणे वेगळे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला २.८ मिमीची लेन्स असेल तर सारे अंगण दिसते, पण चेहरा नीट ओळखू येतो तो साधारण दहा फुटांपर्यंतच. ६ मिमीच्या लेन्सला कमी रुंदीचे दिसते, मात्र चेहरा पंचवीस फुटांपर्यंत ओळखता येतो. म्हणून अंगणाला रुंद लेन्स आणि फाटकाला ६ मिमीची, अशी वाटणी करावी. दाराजवळचा कॅमेरा फार उंच नको. छपराखाली लावला तर टोपीच दिसते, चेहरा नाही. रात्री समोरची भिंत फार जवळ असेल किंवा कॅमेऱ्यावर कोळ्याचे जाळे असेल तर चित्र पांढरेफटक होते. बाहेरचा कॅमेरा पावसाला टिकणारा, आयपी ६६ किंवा ६७ दर्जाचा घ्यावा.

रेकॉर्डिंग किती दिवसांचे?

दोन एमबीपीएस वेगाने साठवले तर एका कॅमेऱ्याला दिवसाला सुमारे २२ जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांना एक टीबीची हार्डडिस्क अकरा दिवस पुरते. नंतर जुने पुसून त्यावर नवे साठत जाते. घर महिनाभर बंद राहणार असेल तर तीन-चार टीबीची डिस्क लागेल. डीव्हीआर टीव्हीशेजारी ठेवू नये, कुलूपबंद कपाटात ठेवावा, पण हवा खेळती असावी. मेमरी कार्डावर चालणारा वायफाय कॅमेरा स्वस्त पडतो, पण चोराने कॅमेराच नेला तर रेकॉर्डिंगही त्याच्याबरोबर जाते.

वीज आणि पासवर्ड

पावसाळ्यात वीज जाणारच. कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्यावेत. इंटरनेट बंद पडले तरी डीव्हीआरमध्ये रेकॉर्डिंग चालू राहते, फक्त परगावाहून मोबाईलवर दिसत नाही. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले ते कंपनीचे मूळ पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणूनच. खरेदी करताना बीआयएस नोंदणी पाहावी आणि पक्के बिल घ्यावे.

कॅमेऱ्याने काय पाहू नये?

शेजाऱ्याचे दार, खिडकी, मागची विहीर, कपडे वाळत घालायची जागा ही चौकटीत येता कामा नये. कॅमेरा वळवता येत नसेल तर बहुतेक डीव्हीआरमध्ये तेवढा भाग झाकण्याची सोय असते. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये ही आपली शिकवण यंत्रालाही लागू आहे.

आणि घरातली माणसे? स्वयंपाकघरात, माजघरात कॅमेरा लावला की आईला आपल्याच घरात डोक्यावरची ओढणी सावरत वावरावे लागते. मुलगा काळजीपोटीच पाहतो, पण मोबाईल त्याच्या खोलीतल्या इतर चौघांच्या हातातही जातो. आत कॅमेरा हवाच असेल तर आधी अम्मी-अब्बांना विचारावे, तो कुठे आहे आणि कोण पाहणार हे सांगावे, आणि बंद करण्याचे बटण त्यांना दाखवून ठेवावे. त्या नको म्हणाल्या तर बाहेरचे दोन कॅमेरे आणि रोज संध्याकाळी एक फोन पुरेसा आहे. पडलेल्या माणसाला कॅमेरा उचलत नाही. शेजारीच धावून येतो. म्हणून त्याच्याकडे घराची एक चावी असू द्यावी.