गोल्फमधील नैसर्गिक अडथळे

गोल्फ खेळताना चेंडूच्या वाटेत येणारी झाडेझुडपे, दगड, पालापाचोळा, वाळू, पाणी इत्यादींबाबत खेळाडूने कसे वागावे, हे ठरविणारे नियम. बहुतेक मैदानी खेळांचे क्रीडांगण आखीव व सपाट असते. गोल्फ मात्र स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील वालुकामय, गवताळ माळरानांवर वाढला. त्यामुळे मैदान जसे असेल तसे स्वीकारावे आणि चेंडू जेथे थांबला असेल तेथूनच टोलवावा, हे या खेळाचे मूलतत्त्व ठरले.

एडिंबरोजवळील लीथ येथे १७४४ मध्ये लिहिलेल्या १३ नियमांतही हा विषय आढळतो. दगड, हाडे इ. वस्तू केवळ मोकळ्या हिरवळीवर, तेही चेंडूपासून एका क्लबच्या लांबीच्या आत असल्यास, दूर करता येत. पाण्यात गेलेला चेंडू बाहेर काढून मागे ठेवता येई. मात्र त्याबद्दल प्रतिस्पर्ध्याला एक टोला द्यावा लागे. सेंट अँड्रूज येथील रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लब व अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन यांची समान नियमावली १९५२ पासून अंमलात आली. २०१९ मध्ये तिची मोठी पुनर्रचना होऊन नियमांची संख्या ३४ वरून २४ झाली.

सुट्या व स्थिर वस्तू : जमिनीला न जडलेल्या नैसर्गिक वस्तू, उदा., गळालेली पाने, काटक्या, सुटे दगड, कीटक, खेळाडूला बाजूला सारता येतात. त्या वेळी चेंडू हलल्यास एका टोल्याचा दंड होतो व चेंडू पूर्वस्थानी ठेवावा लागतो. ग्रीनवर मात्र हा दंड नाही. वाढणारी वनस्पती, जमिनीत घट्ट रुतलेला दगड आणि चेंडूला चिकटलेली वस्तू सुटी मानली जात नाही. वाळू, सुटी माती, दव व दहिवर यांनाही ही सवलत नाही. टोला सुकर व्हावा म्हणून फांदी मोडणे वा वाकवून धरणे निषिद्ध असून टोल्यांच्या मोजणीवरील स्पर्धेत त्यास दोन टोल्यांचा दंड आहे.

वस्तूचा आकार येथे गौण असतो. १९९९ च्या फीनिक्स ओपन स्पर्धेत टायगर वुड्स याच्या चेंडूपुढे एक प्रचंड शिळा होती. ती रुतलेली नसल्याने पंचांनी ती सुटी ठरविली आणि प्रेक्षकांनी ती ढकलून दूर केली.

दंडक्षेत्रे व बंकर : पूर्वी पाण्याच्या अडथळ्यात व वाळूच्या बंकरमध्ये सुट्या वस्तू हलविण्यास मनाई होती. २०१० मध्ये हिल्टन हेड येथील निर्णायक फेरीत क्लब मागे नेताना ब्रायन डेव्हिस या इंग्लिश खेळाडूचा एका सुट्या बोरूला निसटता स्पर्श झाला. त्याने स्वतःच पंचांना सांगितले, दोन टोल्यांचा दंड स्वीकारला आणि जिम फ्यूरिक विजयी झाला. २०१९ च्या नियमांनी ही मनाई उठविली. तथापि बंकरमध्ये टोल्यापूर्वी क्लबने चेंडूच्या लगत पुढे वा मागे वाळूला स्पर्श करता येत नाही.

पाण्याच्या जागा आता पिवळ्या वा तांबड्या खुणांनी दाखविलेल्या दंडक्षेत्रांत मोडतात. तेथून खेळणे अशक्य वाटल्यास एका टोल्याच्या दंडाने चेंडू बाहेर घेता येतो. दंडक्षेत्राबाहेर झुडपात वा मुळांत अडकलेला चेंडू खेळण्यास अयोग्य ठरविण्याचा अधिकार खेळाडूचाच असून त्यासही एका टोल्याचा दंड आहे.

विनादंड सवलत : पावसाचे तात्पुरते साचलेले पाणी व प्राण्यांची बिळे यांपासून दंडक्षेत्राबाहेर सामान्यतः विनादंड सुटका मिळते. विषारी साप, मधमाश्या यांसारख्या धोकादायक प्राण्यांच्या सान्निध्यातही तशीच मुभा आहे. चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून, खळीच्या अधिक जवळ न जाता, नेमून दिलेल्या जागेत टाकावा लागतो.

विस्तीर्ण मैदानावर प्रत्येक खेळाडूसोबत पंच असणे शक्य नसते. साहजिकच या नियमांचे पालन मुख्यतः खेळाडूच्या सचोटीवर अवलंबून राहते.