वैनगंगेची थडी

भंडारा जिल्ह्याचा नकाशा प्रथमच पाहणाऱ्यास ही भूमी घडून चुकली आहे, तिच्यात आता काही फेरबदल व्हावयाचे उरलेले नाहीत, असे वाटले तर त्यात नवल नाही. उत्तरेस तुमसरच्या बाजूला अंबागडच्या टेकड्या आणि साकोलीकडे दिसणाऱ्या काही डोंगररांगा वगळल्या, तर उरतो तो धानाच्या बांध्यांचा आणि तलावांचा सखल मुलूख, आणि त्याच्या मधून दक्षिणेकडे वाहत जाणारी वैनगंगा. सह्याद्रीचे कडे पाहत भूगोल शिकलेल्या आपल्या लोकांस नदीचे कर्तृत्व म्हटले म्हणजे दऱ्या, घळी आणि धबधबे आठवतात. सखल प्रदेशात आल्यावर मात्र नदीचा पुष्कळसा उद्योग वरून आणलेले खाली ठेवण्याचा असतो, आणि ठेवण्याचे काम गाजावाजा न करता चालत असल्यामुळे ते पाहण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

ते पाहावयाचे तर पावसाळा सरतेवेळी, भाद्रपदाच्या अखेरीस, पूर उतरत असताना नदीवर जावे. मोहाडी तालुक्यातील एका वळणावर मी हे दृश्य पाहिले. वळणाच्या बाहेरच्या बाजूस, जेथे प्रवाहाचा सारा जोर येऊन आदळतो, तेथे थडी कुऱ्हाडीने तोडल्यासारखी उभी होती, आणि तिच्या अंगावर वर्षानुवर्षांची भर थराथराने वाचता येत होती: वर गवताच्या मुळ्यांनी जखडलेली काळसर माती, तिच्याखाली पिवळट पोयट्याचा जाड थर, मध्येच बोटभर जाडीची बारीक रेतीची पट्टी, मग पुन्हा चिकणमाती व तीत अडकलेले चुनखडीचे खडे, आणि अगदी तळाशी गोलसर गोटे. म्हणजे आज नदी जी थडी खात होती, ती पूर्वी कधीतरी तिनेच घातलेली होती.

पाणी संथ झाले होते, आकाश निरभ्र होते, आणि आता काही घडण्याची वेळ टळली असे मी धरून चाललो होतो. तेवढ्यात जाळे आवरीत बसलेले एक वृद्ध ढिवर मला काठापासून मागे सरण्याची खूण करीत म्हणाले, ''पानी चढते तवा भेव नाई भाऊ, पानी उतरते तवा थडी खचते.'' थोड्या वेळाने खरोखरच काठापासून दोन हात आत, गवतातून एक भेग दिसू लागली. ती रुंदावत गेली, आणि बैलगाडीएवढा एक चिरा, वरच्या तरवट्याच्या झुडपांसह, प्रथम किंचित कलून आणि मग एकदम, पाण्यात बसला. क्षणभर पाणी तांबूस-काळे झाले आणि प्रवाहाने तो रंग खाली नेला.

ढिवरांच्या त्या अनुभवाच्या बोलामागचे शास्त्र असे की पूर असेपर्यंत नदीचे पाणीच थडीला बाहेरून टेकू देत असते, आणि त्याच वेळी थडीच्या पोटात पाणी मुरून ती जड होत असते. पूर झपाट्याने उतरला म्हणजे टेकू जातो, पोटातले पाणी मात्र तितक्या लवकर निथळत नाही, आणि स्वतःच्याच भाराने माती खचते. पुराच्या ऐन भरात काठावर गर्दी करणारे आणि पूर ओसरताच निर्धास्तपणे कडेला जाऊन उभे राहणारे आपण शहरी लोक याबाबतीत उलटेच वागतो.

समोरच्या, म्हणजे वळणाच्या आतल्या काठाचा कारभार निराळा होता. तेथे प्रवाह मंद, पाणी उथळ, आणि किनारा इतक्या हळू चढत गेलेला की पाणी कोठे संपते व रेती कोठे सुरू होते ते सांगणे कठीण. गुडघाभर पाण्यात स्वस्थ उभे राहून तळाकडे पाहिले, तर रेतीच्या लहान लहान लाटा दिसतात. त्यांचा प्रवाहाच्या वरच्या अंगाचा उतार लांब आणि खालच्या अंगाचा उभा असतो. रेतीचा एकेक कण लांब उतारावरून उड्या घेत माथ्यावर येतो, पलीकडे घसरतो, त्याच्यावर मागून आलेले कण पडतात, आणि अशा रीतीने ती सारी लाटच इंचाइंचाने पुढे सरकते. एका थडीवरून खचलेल्या मातीतील जड अंश खालच्या एखाद्या वळणाच्या आतल्या बाजूस असाच जमा होतो. त्यामुळे नदीचे पात्र रुंद न होता वळण मात्र बाहेर सरकत जाते. एका गावाची शेते कमी होतात आणि दुसऱ्याच्या शिवारासमोर रेतीचे मैदान वाढते.

त्या दिवशी मी एका काचेच्या बरणीत नदीचे गढूळ पाणी भरून आणले व ती खिडकीत ठेवली. रेती बरणी टेकवताक्षणीच तळाला गेली. पोयटा संध्याकाळपर्यंत बसला. वरचे पाणी मात्र चहाच्या रंगाचे राहिले ते पुढे कित्येक दिवस, कारण चिकणमातीचे कण मिलिमीटरच्या दोनशेपन्नासाव्या भागाहूनही लहान असतात, आणि कण जितका बारीक, तितका त्याचा तळाकडचा प्रवास वर्गाच्या प्रमाणात मंदावतो. उचलण्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलटतो. स्वीडनमधील भूगोलवेत्ते फिलिप युल्स्ट्रॉम यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की बसलेली बारीक चिकणमाती उखडावयास रेतीपेक्षा अधिक वेगाचे पाणी लागते, कारण तिचे कण परस्परांस घट्ट धरून असतात. पण एकदा सुटली की ती अगदी मंद प्रवाहातही वाहत राहते. भंडाऱ्याजवळ नदीच्या पात्रात रेती का राहते आणि काळी माती पुराबरोबर दूर शेतांवर का पसरते, याचे उत्तर त्या बरणीत होते.

हा माल येतो कोठून? वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात, मुंडारा गावाजवळ उगम पावते. तेथील बेसाल्टच्या पठाराची झीज होऊन काळी माती मिळते; पुढे बालाघाटकडून येताना तिच्या आणि बावनथडी या उपनदीच्या पाणलोटातील जुनाट स्फटिकी खडक रेतीचा पुरवठा करतात. त्या खडकांतील फेल्स्पार कुजून त्याची माती होते, गारगोटी मात्र कुजत नाही, आणि म्हणून रेतीत उन्हाने चमकतो तो मुख्यतः गारगोटीचा कण, अधूनमधून अभ्रकाचा पापुद्रा. ते खडकही आरंभापासून खडक नव्हते. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून निघणारे मँगनीज हे शंभर कोटी वर्षांहून जुन्या काळी समुद्रतळाशी बसलेल्या गाळातले आहे. तो गाळ पुढे उष्णतेने व दाबाने रूपांतरित झाला. अशाच एका मँगनीजयुक्त खडकाला ब्रिटिश भूशास्त्रज्ञ फर्मोर यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले, आणि त्यांचा मँगनीजवरील बृहद्ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडक्यात, अंबागडच्या परिसरात आज जे झिजत आहे, ते एकदा झिजून, वाहून, बसून गेलेलेच आहे.

सरकारी दप्तरास इतक्या जुन्या काळाशी कर्तव्य नसले, तरी नदीच्या या देवघेवीची दखल त्याला घ्यावीच लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हीत काठाला नव्याने लागलेल्या मळईच्या जमिनीसाठी तरतूद आहे, आणि पाण्याने जमीन वाहून गेल्यास आकारणीत सूट देण्याचीही आहे. कायद्याची भाषा नीटस आहे. पण धुरा, सर्वे नंबर आणि हद्दीचे दगड या साऱ्यांचा आधार जमीन जागच्या जागी राहील या गृहीतावर असतो, आणि नदीकाठच्या काश्तकाराची अडचण नेमकी तेथेच सुरू होते. वाहून गेलेली जमीन एकाची, मळई दुसऱ्यासमोर, आणि दोघांच्या मध्ये मोजणीचा अर्ज.

या जिल्ह्यातील जुन्या लोकांनी गाळाशी वाद घालण्यापेक्षा त्याला कामाला लावले, असे माझे मत आहे. गोंड राजांच्या अमदानीपासून कोहळी समाजाने येथे जे तलाव बांधले, ते उतारावर मातीची पाळ घालून, ओढ्याचे पाणी अडवून. आणि पाणी अडले म्हणजे गाळ बसणारच. मालगुजारीच्या काळात पाळीची डागडुजी आणि तुडुमाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराची, देखभाल ही मालगुजार व गाव यांची जबाबदारी होती, आणि उन्हाळ्यात कोरड्या तलावातला गाळ गाड्यांनी बांध्यांत जाई. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, आणि ज्यांना आज मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात, त्यांच्या पोटात गाळ साचतच राहिला. पाणी धरण्याची शक्ती कमी झाली ती पाळ फुटून कमी, तळ वर येऊन अधिक.

हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर पवनी तालुक्यात गोसे खुर्द येथे होत आहे. एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या धरणाला ३३ दरवाजे आहेत, आणि त्याचे फुगवट्याचे पाणी भंडारा शहराच्या अंगापर्यंत येते. वाहती नदी साचलेल्या पाण्यात शिरली की तिचा वेग मरतो. जड रेती फुगवट्याच्या तोंडाशीच पडते आणि पोयटा पुढे जलाशयात बसतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस सिवनीकडील संजय सरोवराचे पाणी सुटून वैनगंगेला महापूर आला, तेव्हा शहराच्या सखल वस्त्यांत शिरलेले पाणी ओसरल्यावर घराघरांतून लोकांना फावड्याने काढावा लागला तो हाच पोयटा; शेतावर पडता तर पुढच्या हंगामात धानाने त्याचे चीज केले असते.

रेतीचे गणित याहून बिकट. फुगवट्याखाली गेलेल्या पात्रात ढिवर कुटुंबे पूर्वी उन्हाळ्यात डांगरवाड्या लावीत. दिवाळीनंतर पाणी हटले की रेतीत खड्डे घेऊन, त्यांत शेणखत भरून, टरबूज, डांगर आणि काकडीच्या बिया टोचीत. ती रेती आता बुडाली. वरच्या अंगाला, तुमसर-मोहाडीकडे, पात्र अजून उघडे पडते; पण तेथे रेतीघाटांचे लिलाव होतात आणि पोकलेन उतरतात. पुराने पावसाळ्यात जे घातले, त्यातले पुष्कळसे मृगापूर्वी ट्रकांतून नागपूरच्या वाटेला लागते, आणि ज्या थडीच्या पायथ्याशी त्या रेतीचा भराव होता, तिचा पाया पुढच्या पुराला उघडा मिळतो. मोहाडीच्या त्या वळणावरील वृद्ध ढिवरांनी मला दाखवलेली त्यांची वाडी अशाच दोन घाटांच्या मध्ये होती, आणि त्या सालापुरती ती त्यांनी अर्ध्यावर आणली होती.